दारातला उजेड

आजी गेली त्या रात्री रडारड थोडी ओसरल्यावर घरात सगळ्यात आधी काय शोधलं गेलं असेल तर तिचा फोटो. दहाव्याच्या आत फ्रेम करून आणायला हवी, हार घालायला हवा, आणि ब्याऐंशी वर्षं जगलेल्या बाईचा एकटीचा असा एकही फोटो आमच्याकडे नव्हता. ट्रंक उघडली, माळ्यावरच्या पिशव्या काढल्या, लग्नांचे अल्बम चाळले, आधार कार्डावरचा होता पण त्यात ती ओळखूच येत नव्हती. शेवटी मामेबहिणीच्या लग्नातला एक ग्रुप फोटो सापडला, दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरी, खांद्यावर मावशीचा हात. भावाने तो जवळच्या एका स्टुडिओत नेला आणि दोन तासांत फ्रेम घरी आली. मावशीचा हात पुसलेला, मागे निळं आकाश, पदर सारखा केलेला, आणि कुणी सांगितलेलं नसताना आजी गोरी झालेली.

आमची आजी चांगली काळीसावळी होती. उन्हात वाळवणं घालून घालून तिच्या गालांच्या वरच्या हाडावर एक तांबूस तकाकी यायची, कपाळावर कुंकवाच्या खाली गोंदणाचा हिरवट ठिपका होता. फ्रेममध्ये तो ठिपकाच गेला. मला त्या स्टुडिओवाल्याचा तेव्हाही राग आला नाही आणि आजही नाहीये, कारण त्याच्याकडे येणारी दहातली नऊ माणसं हेच मागत असणार, तो बिचारा आधीच करून ठेवतो. पण आई रोज सकाळी त्या फोटोला हळदकुंकू लावते आणि लावताना एक क्षण थांबते, ते थांबणं मी बरीच वर्षं बघत आलेय. मी कॅमेरा हातात घेतला त्याचं कारण तेवढंच आहे.

कॅमेरा फोर्टातल्या बोरा बाजारातून घेतला, सेकंडहँड डीएसएलआर, सोबत ५० एमएमची साधी लेन्स (एमएमचा आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं), जिचं तोंड एफ १.८ पर्यंत उघडतं, एफचा आकडा जितका लहान तितकं तोंड मोठं. दुकानदाराने मला झूम लेन्स घ्या म्हणून बराच आग्रह केला, पण मला माणसांचे चेहरेच काढायचे होते आणि त्याला ही लेन्स पुरते, लहान सेन्सरच्या, म्हणजे उजेड टिपणारी आतली पट्टी लहान असलेल्या, कॅमेऱ्यावर ती ७५ एमएमसारखी वागते, म्हणजे चेहऱ्यासाठी जो ८५चा आकडा सांगतात त्याच्या जवळपास. आता प्रश्न होता की बसणार कोण. आई म्हणाली, "माझं काय काढतेस, आधी स्वतःचे काढून बघ." भाऊ दोन मिनिटं एका जागी टिकत नाही. शेजारपाजारच्यांना सांगायची तेव्हा हिंमत नव्हती. मग मी स्वतःचेच काढायला लागले, दर रविवारी, पाणी भरून झालं की साधारण नऊ ते साडेदहा.

आमची खोली लालबागच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, दहा बाय बारा. एक दार कॉमन गॅलरीत उघडतं, मागे मोरीच्या वर एक छोटी खिडकी, बास. उजेड नाही म्हणून आम्ही दिवसाही ट्यूबलाइट लावतो. मला वाटायचं अशा घरात काय फोटोग्राफी होणार, त्यासाठी मोठे लाइट लागतात, छत्र्या लागतात. खालच्या मजल्यावरचा दादा गोरेगावला फिल्मसिटीत सीरियलच्या सेटवर लाइटमध्ये काम करतो, त्याला एकदा विचारलं की स्वस्तातला लाइट कुठे मिळेल, तर तो आमच्या दारात उभा राहून हसला आणि म्हणाला, "ताई, हे दार म्हणजेच केवढा मोठा लाइट आहे, आम्ही सेटवर असा उजेड आणायला अर्धा दिवस घालवतो. लाइट लावायला कुणीपण लावतं, तू कापायला शिक."

त्या दिवशी ट्यूबलाइट बंद केली आणि दाराकडे पहिल्यांदा नीट बघितलं.

आमची गॅलरी उत्तरेला आहे, वर छप्पर पुढे आलेलं, त्यामुळे वर्षाचा बराचसा काळ ऊन थेट आत येत नाही, समोरच्या इमारतीच्या पिवळट भिंतीवरून आणि वरच्या आभाळातून जो उजेड उसळतो तोच आत येतो. दार अडीच-तीन फूट रुंद आणि साडेसहा फूट उंच. आता उजेड मऊ पडणार की टोचणारा हे दिवा किती भारी आहे यावर ठरत नाही, तो चेहऱ्याच्या मानाने किती मोठा दिसतो यावर ठरतं. सूर्य केवढा प्रचंड, पण इथून बघताना टिकलीएवढा, म्हणून उन्हातली सावली ब्लेडने कापल्यासारखी. आणि दार माझ्यापासून दोन फुटांवर असलं की माझ्या चेहऱ्याच्या कितीतरी पट मोठं, त्यामुळे उजेड गालाला वळसा घालून पलीकडे जातो आणि सावली कुठे सुरू झाली ते कळतसुद्धा नाही.

दुसरी गोष्ट अंतराची. शाळेत व्यस्त वर्गाचा नियम घोकलेला, अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई, तिप्पट केलं की नववा हिस्सा, तेव्हा त्याचा कशाशी काही संबंध वाटला नव्हता. दार म्हणजे काही टिंबाएवढा दिवा नाही त्यामुळे आकडे तंतोतंत लागू होत नाहीत पण कल तोच. मी दारापासून फूटभर आत बसले की माझ्या गालावर भरपूर उजेड आणि मागची मांडणी, भांडी, कपाट, गणपतीचा फोटो सगळं काळोखात बुडून जातं, फक्त स्टीलच्या डब्यांच्या कडा जरा चमकतात. पाच फूट आत जाऊन बसले तर चेहरा आणि मागचं घर दोन्हींवर जवळपास सारखाच उजेड, सारखाच फिका, आणि डोळा पहिल्यांदा डब्यांवरच जातो. म्हणजे ज्या अंधाऱ्या खोलीची मला लाज वाटायची तोच अंधार स्टुडिओवाले काळा पडदा लावून विकत घेतात. हे कळलं त्या रविवारी मी जेवायचं विसरले होते.

आता कापायचं. दार जमिनीपासून सुरू होतं ना, त्यामुळे अर्धा उजेड गुडघ्यांच्या उंचीवरून येतो आणि हनुवटीखालून वर चढतो, नाकाची सावली वर जाते, माणूस जरा भुतासारखा दिसतो. खालून येणाऱ्या उजेडाची आपल्या डोळ्यांना सवय नाही, सूर्य नेहमी वरच असतो. दादाच्या भाषेत इथे कटर, म्हणजे उजेड अडवणारा पडदा हवा. मी दाराच्या खालच्या अर्ध्या भागावर आईचा जुना काळा परकर दोन खिळ्यांना बांधला आणि काय फरक पडला म्हणून सांगू, उजेड वरून, तिरका यायला लागला, नाकाची सावली खाली ओठाच्या कोपऱ्याकडे वळली, आणि मी तोंड दारापासून थोडं आत वळवलं तशी ती सावली पलीकडच्या गालाच्या सावलीला जाऊन मिळाली आणि अंधारातल्या गालावर, डोळ्याच्या खाली, उजेडाचा एक छोटा त्रिकोण उरला. या त्रिकोणाला जगभर रेम्ब्रांटचं नाव आहे, सतराव्या शतकातला डच चित्रकार, त्याच्या चित्रांत असा उजेड दिसतो म्हणून. त्याने स्वतःची चित्रं तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत काढली, चेहरा सुटत गेला तसा सुटू दिला. मला ते त्रिकोणापेक्षाही जास्त भावतं.

अंधारातली बाजू फारच काळी झाली तर त्या बाजूला काहीतरी पांढरं धरायचं. आमच्याकडे माळ्यावर गणपतीच्या जुन्या मखराचा थर्माकोलचा तुकडा आहे, २०१८ ला राज्यात बंदी आली त्याच्या आधीचा, तो टाकवला नव्हता, आता तो माझा बाउन्स, म्हणजे उजेड चेहऱ्याकडे परत फेकणारा तुकडा. चेहऱ्यापासून दीड फुटावर धरला की सावलीत डोळा दिसायला लागतो, अजून जवळ आणला की सावली जवळजवळ पुसली जाते आणि मग चेहरा चपटा होतो, पासपोर्ट फोटोसारखा. उलट केलं, म्हणजे पांढऱ्याऐवजी काळं कापड धरलं, तर खोलीतून उसळणारा थोडाफार उजेडही ते गिळतं आणि सावली आणखी खोल होते. गालाची हाडं दिसायला हवी असतील, वयाच्या रेघा दिसायला हव्या असतील तर काळं. वयाच्या रेघा दिसायला हव्यात असं म्हणणारी माणसं फार कमी भेटतात हे खरं, पण मला त्या हव्या असतात.

स्वतःचा फोटो काढताना सगळ्यात मोठी अडचण फोकसची. आपण कॅमेऱ्याच्या मागे असतो तेव्हा समोर स्टूल रिकामं, आणि स्टुलावर जाऊन बसतो तेव्हा मागे कुणी नाही. एफ १.८ ला, पाच फुटांवरून, जेमतेम अडीच इंच खोलीतलंच शार्प येतं, म्हणजे डोळा धरला तर कान गेला, आणि मी श्वास सोडून जरा मागे रेलले तर डोळाही गेला. बरेच रविवार माझे कान फार सुंदर शार्प आले. मग एक युक्ती सापडली. आमच्या खोलीत कपडे वाळत घालायची दोरी आडवी बांधलेली आहे, तिला चिमट्याने वर्तमानपत्राचं एक पान लटकवायचं, असं की मथळ्याची मोठी काळी अक्षरं बरोबर माझ्या डोळ्यांच्या जागी येतील. कॅमेरा त्या अक्षरांवर फोकस करतो, काळ्या-पांढऱ्याची धार त्याला पटकन सापडते, मग लेन्सवरचं बटण मॅन्युअलवर सरकवायचं म्हणजे तो आता हलणार नाही, पान काढून घ्यायचं, चिमटा तसाच ठेवायचा, दहा सेकंदांचा टायमर लावून धावत जाऊन चिमट्याखाली बसायचं. लेन्सचं तोंड जरा बारीक करून एफ ४ वर आणलं की तीच जागा पाचेक इंच होते, मग श्वास घ्यायची मुभा.

माझे नेहमीचे आकडे सांगते, कुणाला चाळीतच करून बघायचं असेल तर उपयोगी पडतील. एफ २.८ किंवा ४, शटर १/१००, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागापुरतं उघडणारं, आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती हळवा ते, ८०० च्या आसपास, पावसाळ्यात १६००. शटर १/१०० ला एक कारण आहे, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, आपल्याला दिसत नाही पण कॅमेऱ्याला दिसतं, शटर त्याहून बरंच जलद ठेवलं तर फोटोत आडवे काळपट पट्टे येऊ शकतात. १/१०० किंवा १/५० ठेवलं की एक पूर्ण लुकलुक त्यात मावते आणि पट्टे जातात. खरं तर ट्यूब बंदच करावी, दिवसाचा उजेड साधारण ५५०० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप) निळसर आणि पिवळा बल्ब २७०० च्या आसपास, दोन्ही एकत्र आले की अर्धा चेहरा हळदीचा आणि अर्धा निळा, आणि मग कितीही दुरुस्त केलं तरी कातडीचा खरा रंग हाताला लागत नाही.

कातडीच्या रंगावर मला जरा थांबायचंय.

सुरुवातीला माझे सगळे फोटो मी आहे त्याच्यापेक्षा उजळ यायचे. मी पावडर लावत नव्हते, एडिटिंग करत नव्हते, तरी. मला वाटलं कॅमेरा चांगला आहे म्हणून असं येतं. मग कळलं की कॅमेऱ्याच्या आतल्या, उजेड मोजणाऱ्या मीटरला माणूस, भिंत, मांजर काही कळत नाही, त्याच्या समोर जे काही आहे त्याची सरासरी काढून ती मधल्या करड्या रंगावर आणून ठेवायची एवढंच त्याला शिकवलेलं असतं. माझ्या मागे सगळा काळोख. मग तो म्हणतो अरे फार अंधार आहे, आणि उजेड वाढवतो, आणि त्या वाढवण्यात माझा सावळा गाल गव्हाळ होऊन बसतो. म्हणजे स्टुडिओवाल्याने आजीला जे केलं ते माझा कॅमेरा मला रोज करत होता, कुणी न सांगता. उपाय एवढासाच, एक्सपोजरचं, म्हणजे फोटो किती उजळ येणार त्याचं चाक उणे एकवर आणायचं, कधी उणे दीड, किंवा मीटर स्पॉटवर ठेवून फक्त गालावरचा उजेड मोजायचा, आणि मोजल्यावरही आपला गाल मधल्या करड्यापेक्षा गडद असेल तर अजून थोडं खाली. गडद कातडीचं सौंदर्य तिच्यावर पडलेल्या चकाकीत असतं, कपाळावर, नाकाच्या दांडीवर, गालाच्या हाडावर, आणि ती चकाकी दिसायला आजूबाजूचा रंग खोल राहावा लागतो. सगळंच उजळलं की चकाकी बुडते, मग चेहरा भिंतीसारखा.

आणि हे फक्त मीटरपुरतं नाही. फिल्म बनवणाऱ्या कोडॅक कंपनीने विसाव्या शतकाच्या मध्यापासून प्रिंटिंग लॅबना रंग जुळवण्यासाठी जी कार्डं पाठवली त्यांवर गोऱ्या बाईचा फोटो असायचा, त्या कार्डांना शर्ली कार्ड म्हणतात, तिची कातडी छान आली की मशीन बरोबर लागलं असं धरायचे. वेगवेगळ्या वर्णांच्या बायकांचं कार्ड यायला १९९०चं दशक उजाडावं लागलं. मला हे वाचून आमचे जुने अल्बम आठवले, ज्यात आत्या-काकवांचे चेहरे एकतर काळे ठिक्कर नाहीतर पिठासारखे, मधलं काही नाही. आम्ही म्हणायचो, आपलं फोटोजेनिक घराणंच नाही. किती वर्षं म्हणत होतो.

मोबाइलवर सेल्फी काढणाऱ्यांनाही मी एक गोष्ट नेहमी सांगते, नाकाची. मैत्रिणी म्हणतात माझं नाक मोठं येतं, फिल्टर सांग. फिल्टर नको, लांब जा. नाकाच्या टोकापासून कानापर्यंत साधारण पाच इंच असतात. मोबाइल हात लांब करून दोन फुटांवर धरला तर कान कॅमेऱ्यापासून एकोणतीस इंचांवर आणि नाक चोवीसवर, म्हणजे नाक कानाच्या मानाने साधारण वीस टक्के मोठं येणार. तोच मोबाइल सहा फुटांवर कशाला तरी टेकवून ठेवला तर फरक सातवर येतो. लेन्सचं नाव सगळे घेतात पण चेहरा वाकडा करतं ते अंतर, लेन्स फक्त आपल्याला किती जवळ जायला लागेल ते ठरवते. दहा बाय बाराच्या खोलीतही सहा फूट मिळतात, मी मोजलेत.

फोटो हा प्रकार जगात आला १८३९ साली, पॅरिसमध्ये डॅगेर नावाच्या माणसाच्या फोटो काढण्याच्या पद्धतीची घोषणा झाली, आणि त्याच वर्षी अमेरिकेत फिलाडेल्फियात रॉबर्ट कॉर्नेलियस नावाच्या तरुणाने आपल्या दुकानाच्या मागे उजेडात कॅमेरा लावून स्वतःचाच फोटो काढला. माणसाचे म्हणून जे अगदी पहिले फोटो उरलेत त्यातला हा एक. हातांची घडी, केस विस्कटलेले, चेहरा मधोमध नाही, एका बाजूला सरकलेला, कारण तिकडे बघायला कॅमेऱ्यामागे कुणी नव्हतंच. त्याच्या घरचा धंदा दिव्यांचा आणि झुंबरांचा होता. त्याला त्या वेळी मिनिटांच्या हिशोबात न हलता बसावं लागलं असणार. मी तो फोटो बघते तेव्हा मला त्याचे ते एका बाजूला गेलेले खांदे फार ओळखीचे वाटतात, चिमटा नव्हता ना त्याच्याकडे.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ ला स्थापन झाली, म्हणजे आपल्याकडे हे वेड काही उशिरा आलेलं नाही. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे भाऊ डॉ. नारायण दाजी त्या काळात इथे फोटो काढत होते. नावाजलेले फोटोग्राफर राजा दीनदयाळ यांनी १८९६ ला मुंबईत स्टुडिओ उघडला. वीज घरोघरी नव्हती तेव्हाचे स्टुडिओ वरच्या मजल्यावर असायचे, छताला काच, आणि ती शक्यतो उत्तरेकडे, म्हणजे ऊन न येता दिवसभर एकसारखा उजेड. उमरावसिंग शेरगिल, चित्रकार अमृता शेरगिलचे वडील, यांनी कित्येक वर्षं स्वतःचे फोटो काढले, कधी पगडीत, कधी उघड्या अंगाने, कधी पुस्तकांच्या गराड्यात. सेल्फी हा आताच्या पोरांचा चाळा असं कुणी म्हणालं की मला ते आठवतात.

उत्तरेच्या उजेडाचं एक इथलं खास आहे जे मला आमच्या गॅलरीनेच शिकवलं. मुंबई कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, साधारण १९ अंशांवर, म्हणून सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, मेच्या मध्याला आणि परत जुलैच्या अखेरीला, ज्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. त्या दोन तारखांच्या मधे दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे पुस्तकात लिहितात की उत्तरेला ऊन कधीच येत नाही ते आपल्याकडे लागू होत नाही. आमच्या गॅलरीत मे-जूनला सकाळी आणि संध्याकाळी तिरकं ऊन घुसतं, तेव्हा मी दारावर पांढरी धोतरजोडी एकेरी पसरून बांधते, आणि ऊन त्यावर पडलं की अख्खं धोतर दिव्यासारखं पेटतं, आत मऊ उजेड. मग पाऊस येतो आणि सगळंच बदलतं. ढग म्हणजे आभाळभर पसरलेलं धोतर, पण उघड्यावर उभं राहिलं तर उजेड सगळा वरून, डोळ्यांच्या खोबण्या काळ्या. माणसाला छपराखाली दोन पावलं आत घ्यायचं, म्हणजे वरचा उजेड छप्पर अडवतं आणि समोरचा तेवढा येतो. गॅलरीतल्या ओल्या लादीवरून थोडा उजेड वर उसळतो, तो डोळ्यांत दिसतो. श्रावणातले माझे फोटो बाकी वर्षापेक्षा बरे येतात, आईच्या मते श्रावणात मी उपास करते म्हणून.

ऑफिसला जाताना करी रोडहून गाडी पकडते, लेडीज डब्यात दाराजवळ जागा मिळाली तर कॅमेरा नसतानाही मी उजेड वाचत असते. गाडी पुलाखाली गेली की समोरच्या बाईच्या चेहऱ्यावरचा उजेड जातो, बाहेर आली की कानापासून नाकापर्यंत परत सरकत येतो. प्लॅटफॉर्मच्या पत्र्याखाली मऊ, पुढे उघड्यावर कडक. मेथी निवडणारी बाई खाली बघत असते आणि तिच्या मांडीवरच्या वर्तमानपत्रावरून उजेड उसळून हनुवटीला येतो. मी तिथे कधी कुणाचा फोटो काढला नाही, दमलेल्या माणसाला न विचारता काढू नये असं मला वाटतं, आणि हे मला मी स्वतः समोर बसून कळलं.

कारण स्टुलावर बसल्यावर काय होतं ते बसल्याशिवाय कळत नाही. टायमरचा लाल दिवा लुकलुकायला लागला की माझे खांदे आपोआप कानांकडे जातात, ओठ आवळले जातात, मी डोळे मोठे करते, पोट आत घेते. दहा सेकंदांत माणूस स्वतःला सोडून दुसरंच कुणीतरी होऊन बसतो. सुरुवातीचे शेकडो फोटो असे आहेत, उजेड चांगला आणि चेहऱ्यात कुणी नाही. त्यातून मी दोन गोष्टी शिकले, एक म्हणजे डोळे मिटून बसायचं, आठ सेकंद मोजायचे, श्वास सोडायचा आणि मग उघडायचे, उघडल्याचा पहिला क्षण अजून कशाच्या तयारीत नसतो. आणि दुसरं म्हणजे आपण आपल्याला आरशातच ओळखतो, भांग उलटा, तीळ उलट्या गालावर, त्यामुळे फोटोतली आपण आपल्याला नेहमी जरा परकी वाटतो आणि चुकीची वाटतो. बाकी सगळं जग मात्र आपल्याला तसंच बघत असतं. ही परकी बाई सहन व्हायला मला दीड वर्ष लागलं. आता कुणी फोटो बघून "ई, हा डिलीट कर" म्हणालं की मी लगेच करत नाही, त्यांना म्हणते, दोन दिवस थांबा आणि परत बघा.

आईला मागच्या फेब्रुवारीत बसवलं. ती आधी म्हणाली साडी बदलते, मग पावडर लावते, मी म्हटलं साडी बदल, पावडर नको. परकर बांधला, ट्यूब बंद केली, तिला दारापासून दीड फुटावर पाटावर न बसवता खुर्चीत बसवलं कारण गुडघे दुखायला लागले की ते कपाळावर दिसतं. थर्माकोल भावाने धरला. मी उणे एकवर आणलं, मग अजून थोडं. ती कॅमेऱ्याकडे बघतच नव्हती, भिंतीवरच्या आजीच्या फ्रेमकडे बघत होती, आणि मी मुद्दाम काही बोलले नाही. नंतर स्क्रीनवर मोठा करून दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली आणि बोटाने स्वतःच्या गालाच्या हाडावर हात लावला, स्क्रीनवर नाही, खऱ्या गालावर. मग म्हणाली, "एवढी काळी आहे मी?" मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "मग हाच ठेव."

या गोष्टी चाळीत लपत नाहीत. पुढच्या रविवारी शेवटच्या खोलीतले काका दारात येऊन उभे राहिले, गिरणीत होते, संपानंतर बरीच वर्षं वॉचमनकी केली, ऐंशीच्या घरात आहेत. "तुझ्या आईचा बघितला," म्हणाले, "माझा पण एक काढून ठेव. नंतर पोरं कुठल्यातरी लग्नातला कापतील." हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मला काय बोलावं कळेना, मी नुसतं "बसा ना काका" म्हटलं. ते म्हणाले थांब, शर्ट घालून येतो, आणि इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, केसांना तेल लावून आले.

चष्मा. जाड भिंगाचा, आणि दोन्ही काचांत अख्खं दार चमकत होतं, गॅलरीच्या कठड्याच्या गजांसकट, मागचे डोळे दिसतच नव्हते. ते म्हणाले काढू का, मी म्हटलं नको, तुम्हाला चष्म्याशिवाय आम्ही कुणी बघितलेलंच नाही. एक करता येतं, चष्म्याच्या काड्या कानांवरून अर्धा इंच वर उचलायच्या म्हणजे काचा किंचित खाली झुकतात आणि दाराचं प्रतिबिंब कॅमेऱ्याकडे न येता खाली जातं. मी पुढे जाऊन हळूच काड्या उचलल्या, त्यांच्या कानामागचे केस अजून ओले होते. "हनुवटी जरा दाराकडे काका, अजून थोडी, बास." परत कॅमेऱ्याशी येऊन बघितलं. काचा स्वच्छ झाल्या होत्या. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीत झालंय, त्या डोळ्यात दाराचा उजेड उजव्यापेक्षा जरा जास्त टोकदार लकाकत होता. मी म्हटलं, "डोळे मिटा काका, मी सांगेन तेव्हा उघडा."